अंगावरचे दिवे: एलइडीवालं जाकीट शिवायचंय? आधी सुई हातात घ्या

आमचे आप्पा दरवर्षी चैत्रात पायी सप्तशृंगगडावर जातात. खान्देशातून किती लोकं निघतात ते बघायचं असेल तर रामनवमीनंतर धुळे-मालेगाव रस्त्यावर रात्री एक चक्कर मारा. दिवसा उन्हात चालणं शक्यच नसतं, पारा चाळिशीच्या वर, डांबर पायाला चटका देतं, म्हणून सगळे संध्याकाळनंतर चालतात, आणि तेव्हाच ट्रकवालेही सुसाट असतात. तीन वर्षांपूर्वी आप्पांच्या जथ्थ्यातल्या एकाला मोटरसायकल घासून गेली. जास्त काही झालं नाही, पण घरी आल्यावर आप्पा म्हणाले, तू एवढा इलेक्ट्रॉनिक्स शिकलास ना, काहीतरी लायटीचं करून दे अंगावर घालायला.

तिथून हे सुरू झालं. मला वाटलं दोन दिवसांचं काम, सर्किट काय चार एलइडीचं. लागले दोन महिने, आणि त्यातले सहा आठवडे सर्किटात नाही, शिवणकामात गेले. म्हणून नवीन माणसाला पहिलं सांगणं हेच की घरात जी कोणी शिवणारी बाई असेल, आई, काकू, मावशी, तिला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. माझ्या बाबतीत आमची फुई, म्हणजे आत्या, अमळनेरला ब्लाउज शिवते. तिने माझं पहिलं जाकीट उलटं करून आतली बाजू बघितली आणि विचारलं, "हाई काय शे रे भो?" टाके बघून विचारलं तिने, दिव्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही.

थोडं मागचं सांगतो, मग कामाला लागू. अर्डुइनो तुम्ही ऐकलं असेल, २००५ ला इटलीतल्या इव्रेया गावात विद्यार्थ्यांसाठी प्रोग्रॅम टाकता येईल असा स्वस्त सर्किटबोर्ड म्हणून सुरू झालं, त्याचे नकाशे सगळ्यांना खुले. त्याच खुल्या नकाशांवर लीआ बुकली नावाच्या बाईंनी कपड्यावर शिवता येईल असा गोल बोर्ड बनवला, लिलीपॅड, तो २००७ ला स्पार्कफन कंपनीने बाजारात आणला. फुलासारखा दिसतो, कडेने पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीला छिद्र, त्या छिद्रातून वायरऐवजी वीज वाहणारा दोरा ओवायचा. डिझाइन ओपन सोर्स असल्यामुळे कोणीही बनवून विकू शकतो, त्यामुळेच आपल्याला त्याच्या कॉप्या कमी पैशात मिळतात. ही चोरी वगैरे नाही, नकाशे त्यासाठीच खुले ठेवलेत.

आणि हे सगळं बाहेरून आलंय असं वाटत असेल तर एक गंमत. १९९७ मधे अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमधे रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी कपड्यातून सर्किट नेण्यावर काम केलं, तेव्हा त्यांनी कुठलं कापड वापरलं? रेशमाच्या दोऱ्यावर धातूची पातळ पट्टी गुंडाळून विणलेला ऑर्गन्झा, जो भारतात पिढ्यान् पिढ्या विणला जातो. म्हणजे जरच की. हे वाचलं त्या दिवशी मी मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र, दोन टोकांमधून वीज जात असेल तर बीप वाजवतं) घेऊन आईच्या कपाटासमोर बसलो. आईच्या लग्नातल्या शालूच्या काठावर दोन्ही टोकं टेकवली तर बीप वाजला! मागच्या दिवाळीत घेतलेल्या साडीच्या काठावर काहीच नाही. जुनी खरी जर म्हणजे रेशमावर चांदीचा चपटा तार गुंडाळून वर सोन्याचं पाणी, त्यातून वीज जाणारच. आताची बरीचशी जर म्हणजे प्लास्टिकच्या फिल्मवर धातूची हलकी वाफ आणि वरून लाखेसारखा थर, चमकते भरपूर पण वीज जात नाही. आईने मीटर हिसकावून घेतला तो भाग सोडा. शालू कापायचा नाही, पण खरी-खोटी जर ओळखायची ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सामान काय लागेल

जळगावला असाल तर एलइडी, रेझिस्टर (करंट अडवून कमी करणारा छोटा भाग), सेलचा डबा, मल्टिमीटर हे सगळं गोलाणी मार्केटकडे फिरलात तर मिळून जातं, कापड आणि टिचबटणं फुले मार्केटात. बोर्ड आणि वीज वाहणारा दोरा मात्र ऑनलाइनच मागवावा लागतो. दोरा स्टेनलेस स्टीलचा घ्या, राखाडी असतो, हाताला थोडा तेलकट-खरखरीत लागतो. मी पहिल्यांदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला तो चकचकीत चांदीसारखा आला, मीटर लावला तर ठार मुका. साडीची प्लास्टिक जरच रिळावर गुंडाळून पाठवली होती! परत घ्यायला त्याने पंधरा दिवस घोळवलं. म्हणून रीळ हातात आलं की आधी मीटर.

मीटरशिवाय या कामात पडू नका. अगदी साधा चालेल, फक्त त्याला कंटिन्युइटीचा, म्हणजे वीज सलग जाते का ते सांगणारा, बीप पाहिजे. बाकी एक नोज पक्कड, मोठ्या नेढ्याची सुई, नेलपॉलिश (बहिणीचं, जुनं), खडू, आणि कापड. कापड जाड सुती घ्या, मांजरपाट किंवा जाड खादी. टीशर्टचं ताणणारं कापड सुरुवातीला नकोच, कापड ताणतं पण स्टीलचा दोरा ताणत नाही, मग टाके ओढले जातात आणि गाठी सुटतात.

पहिलं काम: बोर्ड नाही, काहीच नाही, एक पट्टी

लोकं डायरेक्ट बोर्ड मागवून जाकिटाला हात घालतात आणि तिथेच कंटाळतात. आधी मनगटावरची पट्टी करा. एक लाल एलइडी, एक सीआर २०३२ नावाचा बटणसेल, त्याचा शिवता येईल असा होल्डर, आणि दोरा.

एलइडीला दोन पाय असतात, लांब पाय प्लस आणि आखूड मायनस. नोज पक्कडीने दोन्ही पाय वळवून त्यांची कडी करायची म्हणजे बटणासारखं शिवता येतं. पण वळवल्यावर लांब-आखूड कळत नाही ना, म्हणून मी प्लसची कडी गोल करतो आणि मायनसची चौकोनी. हे आधीच करून ठेवा, नाहीतर शिवून झाल्यावर डोकं धरून बसाल.

आता होल्डरच्या प्लसपासून एलइडीच्या गोल कडीपर्यंत धावदोरा. तिथे कडीवरून तीन-चार वेढे घट्ट घ्यायचे, गाठ मारायची, दोरा कापायचा. मग दुसरा नवीन दोरा घेऊन चौकोनी कडीपासून होल्डरच्या मायनसपर्यंत. दोरा कापायचा, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण शिवणाऱ्या माणसाच्या हाताला सवय असते की दोरा न तोडता पुढे जायचं, फुईनेही पहिल्यांदा तेच केलं, आणि प्लस-मायनस एकाच दोऱ्याने जोडले की झाला शॉर्ट.

सेल तीन व्होल्टचा, लाल एलइडीला साधारण दोन व्होल्ट लागतात, तरी इथे रेझिस्टर नाही लावला तरी चालतं कारण हा छोटा सेल स्वतःच जास्त करंट देऊ शकत नाही. दोन एलइडी लावायचे असतील तर दोन्ही एकाच रंगाचे. लाल आणि निळा शेजारी लावून बघा, लाल पेटेल आणि निळा झोपलेला राहील, कारण निळ्याला तीन व्होल्टच्या आसपास लागतात आणि लाल दोनवरच सगळा करंट ओढून घेतो.

एक गोष्ट मस्करीत घेऊ नका. बटणसेल घरातल्या लहान पोराच्या हाती लागला आणि त्याने गिळला तर अन्ननळी आतून भाजते, दोन तासांतही मोठी इजा होऊ शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता थेट दवाखाना. म्हणून लहान मुलाच्या कपड्यावर मी बटणसेल लावतच नाही.

गाठीबद्दल, जरा सविस्तर

इथेच माझे सहा आठवडे गेले. स्टीलचा दोरा सुती दोऱ्यासारखा वागत नाही, तो स्प्रिंगसारखा उसळतो. साधी गाठ मारली की अर्ध्या तासात आपोआप सैल. मी सोल्डर करून बघितलं, साधं सोल्डर स्टेनलेस स्टीलला धरतच नाही, गोळी होऊन घरंगळतं.

फुईने बघितलं आणि म्हणाली बटण लावतात तसं लाव ना. म्हणजे कडीतून तीन-चारदा घट्ट वेढे, मग कापडाच्या मागच्या बाजूला नेऊन एका बारीक टाक्याचा फास करायचा, त्यातून सुई दोनदा काढायची, ओढायची, आणि त्याच्याच बाजूला परत तसंच एकदा. त्यावर नेलपॉलिशचा थेंब. पॉलिश वाळल्यावरच शेपूट कापायचं, आणि कापायचं म्हणजे अगदी तीन मिलीमीटरवर, त्याहून लांब राहिलं तर ते केसासारखं वाकून शेजारच्या टाक्याला टेकतं. आधी कापून मग पॉलिश लावलं तर गाठ उसळते, हा क्रम चुकवू नका. पॉलिश गाठीवर, धातूच्या कडीत नाही, नाहीतर वीजच अडेल.

सुईत दोरा ओवताना टोक फिसकटतं, त्याला थोडं मेण लावा, देवघरातली मेणबत्ती चालते. आणि मशीनवर शिवायचं असेल तर हा दोरा फक्त बॉबिनमधे भरायचा, वरून साधा दोरा. वरच्या बाजूने घातला तर टेन्शनच्या चकत्यांमधे अडकून तुटतो. मी फुईच्या मशीनवर प्रयोग केला होता, दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

आता जाकीट

आधी कागदावर काढा. पाठीवर चार लाल एलइडी, दोन खांद्यांच्या खाली आणि दोन कमरेच्या वर. बोर्ड मधोमध मानेच्या खाली, सेलचा डबा आतून खिशात. प्लसच्या रेघा लाल पेनाने, मायनसच्या निळ्या पेनाने, आणि एकही लाल रेघ निळीला छेदता कामा नये. फारच अडलं तर त्या जागी मधे कापडाचा तुकडा ठेवून वरून न्या, पण शक्यतो वळसा घाला. कागदावर दोन तास घालवले तर पुढचे दोन आठवडे वाचतात.

सेल मी रिमोटमधे टाकतो ते बारीक, एएए, तीन, म्हणजे साडेचार व्होल्ट. लिलीपॅडला साडेपाचपर्यंत चालतं. लोकं मोबाइलसारखी लिथियम बॅटरी लावा म्हणतात, हलकी आहे, रिचार्ज होते, सगळं खरं, पण भुसावळच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या जाकिटात लिथियम बॅटरी मला नकोय. या बॅटऱ्या ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नयेत असं सांगतात, आणि आपल्याकडे तेवढं तर सावलीत असतं.

प्रत्येक एलइडीला रेझिस्टर पाहिजे. साडेचार वजा दोन म्हणजे अडीच व्होल्ट, दहा मिलीअँप करंट धरला तर अडीचशे ओहम (ओहम म्हणजे विजेच्या विरोधाचं माप), दुकानात २२० मिळतो तो घ्या. त्याच्याही पायांच्या कड्या वळवून शिवा, किंवा शिवायचे तयार एलइडी घेतले तर त्यांच्यावर रेझिस्टर बसवलेलाच असतो.

आता मी कुठे फसलो ते. चारही एलइडींचे प्लस वेगवेगळ्या पाकळ्यांना, ५, ६, ९ आणि १०, पण मायनस मात्र सगळ्यांचा एकच, लांब रेघ काढून बोर्डच्या मायनस पाकळीला. पेटवलं तर एकेकटा झकास पेटतो, चारही एकदम लावले की सगळे मलूल, लोडशेडिंगच्या आधी बल्ब पिवळा पडायचा ना तसे. सेल बदलले, रेझिस्टर बदलले, काही नाही. मग टेपने मोजलं. माझ्या दोऱ्याला एका फुटाला पंधराएक ओहम विरोध होता. मायनसची रेघ दोन फूट, म्हणजे तीस ओहम. चार एलइडींचे चाळीस मिलीअँप त्या एकाच दोऱ्यातून परत येणार, म्हणजे कागदावर सव्वा व्होल्टच्या आसपास दोऱ्यातच खलास! तांब्याच्या वायरीत हा विचार कधी करावाच लागला नव्हता, त्यामुळे डोक्यातच आलं नाही.

उपाय दोन, मी दोन्ही केले. मायनसची रेघ एकाच्या जागी तीन दोऱ्यांची शिवली, शेजारी शेजारी, तीस ओहमचे दहा झाले. आणि चारही एलइडी एकदम न लावता दोन-दोन आलटून पालटून लुकलुकवले. मागून येणाऱ्या ड्रायव्हरचं लक्ष लुकलुकत्या दिव्याकडे पटकन जातं हा वरचा फायदा.

शिवताना एक रेघ झाली की लगेच मीटर. दोन टोकांवर बीप वाजला पाहिजे, आणि या रेघेचा शेजारच्या रेघेशी बीप वाजता कामा नये. दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची, आणि तीच सगळे विसरतात. सगळं शिवून शेवटी तपासू म्हणाल तर कुठली गाठ उसवायची तेच कळणार नाही.

प्रोग्रॅम घालणं, हे सोपंय

साध्या लिलीपॅडला यूएसबीचं तोंड नसतं, कॉम्प्युटरला जोडण्यासाठी सहा पिनांचा छोटा यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो. कॉम्प्युटरवर अर्डुइनोचं सॉफ्टवेअर फुकट टाकता येतं. बोर्डच्या यादीत लिलीपॅड अर्डुइनो निवडा, युनो (दुसरा एक अर्डुइनो बोर्ड) ठेवलंत तर "नॉट इन सिंक" असं काहीतरी लाल अक्षरात ओरडत बसेल. पोर्टच दिसत नसेल तर बहुतेक कन्व्हर्टरचा ड्रायव्हर टाकायचा राहिलाय. आणि यूएसबी लावताना सेल काढून ठेवा.

फाइलमधे एक्झाम्पल्स, त्यात बेसिक्स, त्यात ब्लिंक. तयार प्रोग्रॅम आहे, एक दिवा एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. तो आधी आहे तसा टाका आणि बोर्डवरचा बारीक दिवा लुकलुकतो का बघा. मग वरच्या भागातली पिन (म्हणजे आपली पाकळी) आउटपुट करणारी ओळ चार वेळा कॉपी करून ५, ६, ९, १० आकडे घाला. खालच्या भागात ५ आणि ६ हाय (चालू), ९ आणि १० लो (बंद), मग डिले, मग उलटं, मग परत डिले. डिलेमधे १००० लिहिलंय ते मिलीसेकंद, तिथे २५० केलं की छान लय येते. ० आणि १ नंबरच्या पाकळ्यांना हात लावू नका, प्रोग्रॅम त्यांच्यातूनच आत जातो. प्रोग्रॅम बोर्ड शिवायच्या आधी टाका आणि नीट चालतोय बघा, शिवल्यावर कन्व्हर्टर अडकवायला हात पुरत नाही.

घाम, पाऊस, धुणं

पहिलं जाकीट आप्पांनी नेलं आणि धुळ्याच्या पुढे दुसऱ्या रात्री फोन आला, डबा गरम झालाय. नशीब की आप्पांनी सेल काढून टाकले. घरी आल्यावर बघितलं तर मायनसचं एक लांब शेपूट मी कापायचं विसरलो होतो, जाकीट घडी करून उशाला घेतलं तेव्हा ते प्लसच्या टाक्याला टेकलं. वर घामाने कापड ओलं, मिठाच्या पाण्यातूनही थोडी वीज गळतेच. तेव्हापासून आतून पूर्ण सुती अस्तर, टाके अंगाला लागतच नाहीत, आणि घडी घालायच्या आधी डब्याचं बटण बंद. डबा बटणवालाच घ्या.

फुईचा प्रश्न होता, "पावसामा काय व्हई?" चैत्रात कधी अवकाळी येतोच. उत्तर असं की सेल काढा, जाकीट वाळवा, परत लावा. वीज चालू नसताना पाण्याने बोर्डचं काही बिघडत नाही, चालू असताना भिजला तर बिघडू शकतो.

धुण्यासाठी मी दुसऱ्या जाकिटात बोर्ड थेट शिवलाच नाही. जाड कापडाच्या चौकोनावर बोर्ड शिवला, त्याच्या सहा जोडण्या सहा टिचबटणांना नेल्या, आणि त्या बटणांची दुसरी बाजू जाकिटाला. पितळी टिचबटणातून वीज मस्त जाते, रंग दिलेली घेऊ नका. धुवायचं झालं की चौकोन टचाटच काढायचा, एलइडी अंगावर राहिले तरी चालतात. थंड पाण्यात हाताने हलकं, पिळायचं नाही, धोपटायचं तर नावच नको, सावलीत वाळवायचं आणि पूर्ण वाळल्यावर परत एकदा मीटर. चौकोन उलटा लागू नये म्हणून एका कोपऱ्यातलं बटण जरा आत लावलंय.

आणि हो, दिवे लावले म्हणून चमकणारी रिफ्लेक्टर पट्टी सोडू नका. पाठीवर आडव्या दोन पट्ट्या शिवाच, सेल संपले तरी ती ट्रकच्या उजेडात दिसते.

मागच्या चैत्रात आप्पांच्या जथ्थ्यात अशी पाच जाकिटं होती, चार फुईने शिवली, मी फक्त प्रोग्रॅम टाकला आणि बीप ऐकला. सेलचा एक संच दोन-तीन रात्री आरामात पुरतो. गडावरून आल्यावर मात्र प्रत्येकाच्या घरी जाऊन सेल काढायला लावतो, नाहीतर वर्षभर डब्यात राहून त्यांचं पाणी गळतं, स्प्रिंगांवर पांढरी बुरशी येते आणि पुढच्या रामनवमीला सगळे माझ्या दारात.